एकोणचाळीसच्या पुढं

"सदतीस, अडतीस, एकोणचाळीस." ईश्वरी थांबली. टेबलावर अजून अकरा बेदाणे होते. तिनं ते ओंजळीत गोळा केले आणि माझ्या डब्यात परत टाकले.

"अगं, अजून आहेत की. मोज."

"संपले, मिस."

"मग आत्ता डब्यात टाकलेस ते काय?"

ती माझ्याकडं बघेना आणि डब्याकडंही बघेना. तिच्या शेजारच्या पोरानं तेवढ्यात आपले पन्नास मोजून त्यातले पाच खाल्लेही होते.

फेब्रुवारी महिना होता. मोठ्या गटाची, म्हणजे सीनिअर केजीची, तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. एक ते शंभर न अडखळता म्हणायचे. जे मूल म्हणेल ते पहिलीत, जे अडेल ते पुन्हा मोठ्या गटात. सरकारी नियमात असं काही नाही, पण आमच्या शाळेत ते चालतं. त्याला आम्ही 'रिपीट' म्हणतो. पालक 'नापास' म्हणतात आणि त्यांचंच बरोबर आहे.

वर्गात अठ्ठावीस मुलं होती. ईश्वरी सोडून सगळी शंभरापर्यंत जात होती, काही घसरत, काही धडपडत. ही एकटी एकोणचाळीसला उभी. मजा म्हणजे तिला एक्केचाळीसपासून सुरू कर म्हटलं की ती धाड धाड शंभरापर्यंत जायची. तिच्या नोंदवहीत मी लिहिलं होतं, 'चाळीस वगळते. लक्ष कमी. हट्टी.' ती नोंदवही माझ्याकडं अजून आहे. 'हट्टी' हा शब्द मी खोडलेला नाही. राहू दे तसाच.

मी सांगलीत सव्वीस वर्षं बालवर्ग शिकवते. माहेर कराडचं. केजीची इन्चार्ज झाले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. माझी एक जाडजूड फाईल आहे, तिच्यावर 'ऋतू' असं लिहिलंय. ती कशी तयार झाली ते सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

पुस्तकांच्या कंपन्या आम्हाला तयार वर्कशीट पाठवतात. डिसेंबरच्या वर्कशीटवर बर्फाचा माणूस असतो. त्याची बटणं मोजायची. आता आमच्या पोरांनी बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीत. म्हणून मी ठरवलं, ज्या महिन्यात जे हाताला लागतं त्यावरच मोजणी आणि त्यावरच अक्षरं. डिसेंबरात हरभऱ्याचे घाटे सोलायचे, एकात किती दाणे ते लिहायचं, 'घ' गिरवायचा. हादग्याला हत्तीभोवती रांगोळीचे टिपके मोजायचे. जानेवारी-फेब्रुवारीत बेदाणे. एप्रिलात चिंचोके. नुसतं एक-दोन-तीन पाठ म्हणणं वेगळं आणि पाच म्हणजे एवढे, दहा म्हणजे एवढे हे कळणं वेगळं. दुसऱ्याला आम्ही 'नंबर सेन्स' म्हणतो. तो हाताला काही लागल्याशिवाय येत नाही.

फाईल चांगली होती. मला तिचा गर्व होता हे लपवण्यात अर्थ नाही. आणि त्या फाईलमधलं सगळ्यात गाजलेलं पान होतं पावसाळ्याचं.

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये लोक एकमेकांना 'काय, बरं आहे का' असं विचारत नाहीत. 'आज किती?' असं विचारतात. म्हणजे नदी पुलापाशी किती फुटांवर आहे. रोज सकाळी मोबाईलवर आकडा येतो. चाळीस म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. दूधवाला, रिक्षावाला, केळीवाली, सगळ्यांना तो आकडा तोंडपाठ. कोयनेतून किती सोडलं, आपल्याकडं कधी पोचणार, याचं गणित इथं न शिकलेली म्हातारीसुद्धा करते. मला वाटलं, अख्खं गाव आकडा वाचतंय, मग पोरांनी का वाचू नये?

मी वर्गाच्या भिंतीवर खालून वर एक पट्टी रंगवली. पुलावर असते तशीच. एक ते पन्नास. चाळिसावर पिवळा पट्टा, पंचेचाळिसावर लाल. एक निळी रिबीन. रोज सकाळी सर्कल टाइमला, म्हणजे सगळे गोल करून बसतात तेव्हा, एका मुलाची पाळी. त्यानं घरून आकडा आणायचा, रिबीन तिथं लावायची, आकडा पाटीवर लिहायचा आणि तीन कार्डांतलं एक निवडायचं: 'वाढलं', 'उतरलं', 'तेवढंच'. गणित झालं, वाचन झालं, लेखन झालं. एका आठवड्यात पोरं तिशीतले आकडे वाचायला लागली. पालक खूश. मुख्याध्यापक सर पाहुण्यांना आणून दाखवायचे. मी फोटो बालवर्गाच्या शिक्षिकांच्या ग्रुपवर टाकले. कराडहून, साताऱ्याहून फोन आले, माप पाठवा म्हणून.

कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. सांगलीत पाणी कुणाच्या घरात आलं नाही? माझ्या स्वतःच्या घरात पंख्यापर्यंत आलं होतं. आम्ही पुराला सरावलेली माणसं. त्याच्यावर विनोद करतो, त्याचे फोटो जपून ठेवतो. आम्ही त्याची पट्टी करून भिंतीवर लावली.

ईश्वरी त्याच जूनमध्ये आमच्याकडं आली होती. वडील फौजेत, लांब कुठंतरी. आई रेश्मा आणि आजी, तिघी भाड्याच्या दोन खोल्यांत. फॉर्मवर मूळ गाव पलूस तालुक्यातलं नदीकाठचं. 'शिक्षणासाठी इकडं आलो' असं लिहिलं होतं. मी तेवढंच वाचलं.

तिची पाळी आली तेव्हा आकडा तेहतीस होता. तिनं रिबीन लावली, सुंदर तेहतीस लिहिला. वर्गात सगळ्यात चांगले आकडे तिचेच होते.

मग ऑगस्टमध्ये चार दिवस पाऊस लागला. एका सकाळी पोरं वर्गात आली तीच ओरडत, "चाळीस! चाळीस! मिस, आज चाळीस हाय!" ज्याची पाळी होती तो खुर्चीवर चढला आणि त्यानं रिबीन पिवळ्या पट्ट्यावर लावली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खरं सांगायचं तर कित्येक दिवस मी या आकड्याची वाट बघत होते, कारण मला पुढचा धडा घ्यायचा होता: 'चाळीस म्हणजे चार दहा.'

मी फळ्याकडं वळले. परत बघते तर ईश्वरी खुर्चीवर उभी. तिनं रिबीन ओढून एकोणचाळीसवर आणली होती.

"ईश्वरी, असं नाही करायचं. खरा आकडा काय आहे?"

"एकोणचाळीस."

"चाळीस!" सगळा वर्ग ओरडला.

"एकोणचाळीस हाय!" ती किंचाळली. 'वाढलं'चं कार्ड तिच्या हातात होतं. तिनं ते फाडलं.

मी चिडले. ते कार्ड मी स्वतः रात्र रात्र बसून केलं नव्हतं, पण माझ्या फाईलमधलं होतं. मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि म्हटलं, "चाळीस म्हण. एकदा म्हण, मग जागेवर बस." ती उभी राहिली. मी वाट बघत राहिले. पाच वर्षांच्या पोरीशी मी जिद्दीला पेटले होते. शेवटी तिच्या फ्रॉकखालून फरशीवर पाणी आलं. पोरं हसली. शाळेच्या मावशींनी तिला उचलून नेलं.

त्याच दिवशी शाळा लवकर सुटली. दुसऱ्या दिवसापासून पाणी उतरायला लागलं. मी तिच्या आईला निरोप पाठवला की एक जादा चड्डी दप्तरात देत जा. बस्स. कारण विचारलं नाही.

त्यानंतर मी काय केलं, तर माझ्या पद्धतीनं उपाय केले. हादग्याला टिपके, डिसेंबरात घाटे, आता बेदाणे. प्रत्येक ऋतूत नवं साहित्य. मधल्या सुट्टीत तिला बसवून घेतलं. ती एकोणचाळीस घाटे मोजायची आणि उरलेले मैत्रिणीच्या पुढ्यात सारायची. मला वाटायचं साहित्य बदललं की जमेल. सहा महिने मी साहित्य बदलत होते.

बेदाण्यांच्या त्या दिवशी मी हात टेकले आणि रेश्माला बोलावून घेतलं. ती मधल्या सुट्टीत आली. बारीक अंगाची, तिशीच्या आतली बाई. छोट्या खुर्चीवर अवघडून बसली.

"ईश्वरी रिपीट होईल असं दिसतंय," मी सरळच सांगितलं. "बाकी सगळं येतं तिला. फक्त एका आकड्याला अडते."

"कंच्या?"

"चाळीस. काही केल्या म्हणत नाही."

रेश्मा माझ्याकडं बघतच राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं रिपीटच्या धक्क्यानं रडते आहे. मी समजूत घालायला लागले की एक वर्षानं काही बिघडत नाही, उलट पाया पक्का होतो वगैरे. ही वाक्यं आमच्या जिभेवर तयार असतात.

"आवं मॅडम, तसं न्हाई," ती म्हणाली. "तुमास्नी कुणी सांगितलंच न्हाई व्हय?"

मग तिनं सांगितलं.

"आमचं सासरं फौजेतनं पेन्शनीत आल्यालं. आबा म्हणायचो. त्यांची नजर गेल्याली, मोबाईलवरचं दिसायचं न्हाई. म्हणून त्यांनीच हिला आकडं शिकिवलं. रोज सकाळी ही त्यांच्या मांडीवर बसून नदीचा आकडा वाचायची. आबांचा हुकूमच हुता. चाळीस झालं की मोठ्यांदा सांगायचं, चाळीस म्हटलं की बायकापोरं भाईर. तवा ही पाचाचीबी न्हवती. लय अभिमान हुता बगा हिला त्या कामाचा."

ती थांबली. मी पाण्याचा ग्लास पुढं केला. तिनं तो नुसता हातात धरला.

"पूर आला त्या दिशी सकाळी ही अंगणात हुबी ऱ्हाऊन वरडली, 'आबा, चाळीस!' आबांनी तिला शाबास म्हटलं. आमास्नी ट्रॅक्टरवर बसिवलं, मला, सासूबाईस्नी आन् हिला. आबा म्हणालं, म्हसरं सोडतो आन् येतो मागनं. एकानं तर मागं ऱ्हायलाच पायजे." रेश्मानं ग्लास खाली ठेवला. "तिसऱ्या दिशी घावलं. म्हसरं त्यांनी सोडल्याली. ती पोहून वर आली."

बाहेर घंटा झाली. पोरं ओळीनं डबे धुवायला चालली होती.

"तिला कुणी काय बोललं न्हाई, मॅडम. पण पोरगीच ती. तिला वाटतंय, तिनं म्हटलं म्हणून पाणी आलं. घरी आमी चाळीसपातूर कशाला काय मोजतोय? माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

तिच्या ध्यानात आलं नाही हे मी समजू शकते. माझ्या ध्यानात का आलं नाही? पोरगी नदीकाठच्या गावची, पुराच्या पुढच्या वर्षी शहरात आलेली, आणि बरोबर पिवळ्या पट्ट्यावर अडणारी. याहून सोपं गणित माझ्या फाईलमध्ये एकही नव्हतं. मला स्वतःची शरम वाटली. अजून वाटते.

मी तशीच सरांकडं गेले. सर वाईट माणूस नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"फार वाईट झालं," ते म्हणाले. "पण मॅडम, एकीला सूट दिली की दहा पालक दारात येतील. त्यांना मी हे कारण सांगत बसू का? पोरीचं नाव करायचं का गावभर?"

"एकोणचाळीसपर्यंत म्हणेल. एक्केचाळीसपासून पुढं म्हणेल. दोन तुकड्यांत घेऊ."

"परीक्षा पहिलीच्या मॅडम घेतात. त्यांना बोलून बघा."

पहिलीच्या मॅडमना मी बोलले. त्या दोन तुकड्यांना तयार झाल्या. मी रेश्माला फोन करून सांगितलं, काळजी करू नका, तिला काही म्हणायला लावणार नाही. मला वाटलं आता मार्ग निघाला.

पण रिपीट हा शब्द मी आधी उच्चारून बसले होते, आणि तो घरात पोचला होता. वडिलांचा फोन आला होता, पोरीचं वर्ष वाया जाता कामा नये म्हणून. आजी रडली होती. आणि शाळा खरंच सूट देईल यावर रेश्माचा विश्वास बसला नव्हता. का बसावा? त्यांनी घरी तिला बसवून समजावलं होतं, चाळीस म्हण, नाहीतर खालच्या वर्गात बसवतील, मैत्रिणी पुढं जातील. हे मला नंतर कळलं.

परीक्षेच्या दिवशी ईश्वरी दोन वेण्या घालून आली. मी दाराजवळ बसले होते. पहिलीच्या मॅडम हसून म्हणाल्या, "एकोणचाळीसपर्यंत म्हण बाळा, मग थांबायचं."

ती थांबली नाही. एकोणचाळीस म्हणाली, एक मोठा श्वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाली, "चाळीस." अगदी हळू. मग एक्केचाळीस, बेचाळीस, शंभरापर्यंत, कुठंही न अडता. मॅडमनी टाळी वाजवली. त्यांनी तिच्या नावापुढं 'ए' लिहिला आणि माझ्याकडं बघून मान हलवली, बघा, उगीच घाबरत होतात, अशा अर्थानं. मलाही क्षणभर वाटलं, सुटली पोरगी.

ईश्वरी खुर्चीवरून उतरली. तिनं बाहेर जाऊन बूट घातले, दप्तर पाठीला लावलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दहा वाजले होते. शाळा सुटायला दोन तास होते.

"मिस, मला घरी सोडा."

"का गं? बरं वाटत नाही का?"

"मम्मीला आन् आजीला वर न्यायचं हाय." मग ती जवळ आली आणि कानात बोलल्यासारखं म्हणाली, "मी म्हटलं ना."

मी तिला जवळ घेतलं. काही होत नाही बाळा, असं काहीतरी पुटपुटले. ती ताठ उभी होती. तिला माझं समजावणं नको होतं. तिचं डोकं पुढच्या कामात होतं.

"पण मिस, आता आबा न्हाईत," ती म्हणाली. "मागं कोण ऱ्हाणार?"

सव्वीस वर्षांत मुलांनी मला हजारो प्रश्न विचारलेत. आकाश कुठं संपतं, देव शी करतो का, सगळे. काहीतरी उत्तर मी दरवेळी दिलेलं आहे. त्या दिवशी मी स्कूटरची किल्ली उचलली.

मी सरांना न विचारता तिला स्कूटरवर बसवून घरी नेलं. रेश्मा आणि आजी, दोघी दारात. ईश्वरीनं दोघींना हात लावून बघितलं आणि आजीची काठी आणून तिच्या हातात दिली. मग मला एक शहाणपण सुचलं. माझी सगळी शिकवण्याची पद्धतच अशी, हाताला लागल्याशिवाय, डोळ्यांनी बघितल्याशिवाय मुलाला पटत नाही. म्हटलं, चला, हिला नदीच दाखवू.

आम्ही घाटावर गेलो. मार्चची नदी. पाणी पार तळाला गेलेलं, कडेला शेवाळं, पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती. पुलाच्या खांबावरचे आकडे उघडे पडलेले. चाळीस तर आमच्या डोक्याच्या कितीतरी वर.

"बघ," मी म्हटलं. "तू चाळीस म्हणालीस. आलं का पाणी?"

तिनं नीट बघितलं. खालचं पाणी बघितलं, वरचा आकडा बघितला, मध्ये किती अंतर आहे ते बघितलं. नंबर सेन्स चांगलाच होता तिचा.

"अजून आलं न्हाई," ती म्हणाली.

पुढं पंधरा दिवस ती बूट घालून झोपत होती, असं रेश्मानं सांगितलं. मग मिरजेच्या एका बालमानसतज्ज्ञ मॅडमकडं त्यांनी तिला न्यायला सुरुवात केली. ते मी सुचवलं, एवढं एक काम माझ्याकडून वेळेवर झालं. त्या मॅडमनी मला फोन करून विचारलं, तिला ऑगस्टमध्ये उभं केलं होतं ते किती वेळ? मी म्हटलं, आठवत नाही. आठवत होतं.

ईश्वरी पहिलीत गेली. गुणपत्रकावर सगळे 'ए' आहेत. यंदा पावसाळ्यात पाणी सदतीसला गेलं त्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. आठवडाभरानं आली. तिच्या वर्गात कुणी काही विचारलं नाही, कारण पहिलीच्या मॅडमना मी आधीच सांगून ठेवलं होतं.

पट्टीवर मी स्वतःच्या हातानं चुना मारला. ज्यांना ज्यांना मापं पाठवली होती त्यांना फोन केले. कराडच्या एक बाई म्हणाल्या, "अहो, काढायची कशाला? पोरांना लय आवडतंय." मी त्यांना ईश्वरीची गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, आमच्याकडं तसं कुणी मूल नाही. मी विचारलं, तुम्ही विचारलंत का? त्यांनी बघते म्हणून फोन ठेवला. पट्टी काढली की नाही ते माहीत नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर एक ओळ वाढवावी, असं मी सरांना सुचवलं: घरात अलीकडं कुणी गेलं आहे का, आणि कसं. सर म्हणाले, फॉर्मवर असलं बरं दिसत नाही. त्यामुळं जूनमध्ये प्रत्येक पालकाला मी ते तोंडी विचारते. तीन मिनिटं लागतात.